उबुंटू, मिंट की डेबियन? निवडताना या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि धडधाकट लॅपटॉप हाताशी असलेली बरीच मंडळी लिनक्सकडे वळू लागली. पहिला घोळ होतो नावांचा. खरं तर उबुंटू, मिंट आणि डेबियन या लिनक्सच्या तिन्ही डिस्ट्रो (म्हणजे वापरायला तयार केलेले लिनक्सचे प्रकार) एकाच घराण्यातल्या आहेत: डेबियनवरून उबुंटू आणि उबुंटूवरून मिंट. रोजचं काम तिन्हींवर जवळपास सारखंच होतं. फरक आहे तो कर्नल (हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा), सपोर्टची मुदत आणि सॉफ्टवेअर कुठून येतं यात, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही.

स्क्रीनशॉट बघून ठरवणं

मेनू, पट्टी, आयकॉन हा सगळा डेस्कटॉपचा भाग. सिनॅमन हा डेस्कटॉप मिंटवाल्यांनी केला असला तरी डेबियनवरही चालतो; एक्सएफसीई हा दुसरा, साधा डेस्कटॉप हवा तर मिंटमध्ये आहे, झुबुंटू या उबुंटूच्या प्रकारातही आहे. आवडलेल्या रूपासाठी डिस्ट्रो बदलायची गरज नाही.

‘हलकी डिस्ट्रो’ हाही असाच एक भ्रम. एक्सएफसीईने थोडी रॅम वाचते, पण ब्राउझरचे दहा टॅब उघडले की ती बचत संपली. उबुंटू २४.०४ च्या मुख्य आवृत्तीला ४ जीबी रॅम आणि २५ जीबी जागा धरा. मिंट २ जीबीवर सुरू होतं, पण ४ असल्याशिवाय त्या फंदात पडू नये. मशिनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी साटा एसएसडी बसवा; कुठल्याही डिस्ट्रोने पडणार नाही एवढा फरक त्याने पडतो.

मोठा आकडा दिसला की डाउनलोड

उबुंटूची दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणारी आवृत्ती (२२.०४, २४.०४) एलटीएस (दीर्घ मुदतीच्या सपोर्टची) असते, तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. २४.१० घेऊन बसलेल्यांचे अपडेट जुलै २०२५ मध्येच बंद झाले. झुबुंटू आणि त्यासारखाच उबुंटूचा प्रकार लुबुंटू यांच्या एलटीएसची मुदत पाच नव्हे, तीन वर्षं. मिंटमध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण त्याची मुख्य आवृत्ती एलटीएसवरच बांधलेली असते. २२ ची मालिका २०२९ पर्यंत चालेल.

कर्नल न बघता ‘स्टेबल’ घेणं

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या ‘स्टेबल’ (स्थिर) आवृत्तीत ६.१२ कर्नल आहे, आणि आपणहून बॅकपोर्ट (जुन्या आवृत्तीसाठी पुरवलेलं नवं कर्नल) घेतला नाही तर शेवटपर्यंत तीच मालिका राहते. त्यानंतर बाजारात आलेल्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड तिला ओळखता येईलच असं नाही. याउलट उबुंटू २४.०४.३ आणि मिंट २२.२ मध्ये ६.१४ कर्नल येतं. म्हणून लॅपटॉप नवा असेल तर एलटीएसचीच, पण ताजी उपआवृत्ती उतरवा. पेनड्राइव्हमध्ये दोन वर्षांपूर्वीची पडून आहे म्हणून तीच वापरू नका. जुन्या मशिनला मात्र डेबियन उत्तम.

जुन्या ब्रॉडकॉम वायफायची अडचण वेगळी. ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर. फोन यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, तो वायर्ड कनेक्शन म्हणून दिसतो. मग मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर निवडा. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सुरक्षा) चालू असेल तर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, त्यात ‘एन्रोल मॉक’ (आपली किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा काही सेकंदच थांबतो. तो निसटला की ड्रायव्हर इन्स्टॉल झालेला दिसतो, पण लोड होत नाही, आणि शिव्या खाते डिस्ट्रो.

लाइव्ह सत्रात फक्त वॉलपेपर बघणं

इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून (लाइव्ह) चालवलंच आहे तर वायफाय, हेडफोन, ब्राइटनेसची बटणं तपासा, झाकण मिटून पुन्हा उघडा, प्रिंटर जोडून बघा. आपल्याकडच्या ऑफिसांत ठाण मांडून बसलेला कॅनन एलबीपी २९०० तिन्हींवर सारखाच छळतो. एचपी १०२० ला एचपीचं वेगळं प्लगइन लागतं. तेवढ्यासाठी उबुंटू सोडून मिंट घेण्यात काही हशील नाही.

एकीचा उपाय दुसरीवर

सगळ्यात जास्त मोडतोड इथे होते. उबुंटूसाठी लिहिलेला पीपीए (बाहेरचं सॉफ्टवेअर देणारा साठा) डेबियनवर जोडला की लायब्ररींच्या आवृत्त्या जुळत नाहीत आणि पुढचा अपग्रेड अडकतो. मिंटवर पीपीए चालतात, पण बाहेरची रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचा साठा) जोडताना काही स्क्रिप्ट मिंटच्या आवृत्तीचं टोपणनाव (२२.२ साठी ‘झारा’) घालतात आणि ‘रिलीज फाइल नाही’ अशी एरर येते. सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये जाऊन त्या नोंदीत ‘झारा’च्या जागी उबुंटू २४.०४ चं टोपणनाव ‘नोबल’ लिहा.

डेबियनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड दिला तर तुमच्या खात्याला सुडोचा (प्रशासकाच्या हक्काने आज्ञा चालवण्याचा) अधिकार मिळत नाही. ती जागा रिकामी सोडायची, मग सुडो आपोआप मिळतो. पासवर्ड देऊन बसला असाल तर रूट म्हणून शिरून आपलं खातं ‘सुडो’ गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. उबुंटूत फायरफॉक्स स्नॅप (उबुंटूची स्वतःची पॅकेज पद्धत) म्हणून येतो, मिंट स्नॅप मुद्दाम अडवून ठेवतं. ब्राउझरविषयीचा सल्ला वाचताना तो कोणासाठी लिहिलाय ते बघा.

जे डिस्ट्रोवर अवलंबूनच नाही

विंडोजही ठेवलंत तर त्याचं घड्याळ साडेपाच तास मागे पडेल. विंडोज मदरबोर्डवर स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावा. इन्स्टॉल करण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजची ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचता येते.

श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या मराठी फाइली लिबरऑफिसमध्ये चित्रविचित्र अक्षरांत उघडतात. त्या युनिकोडमध्ये बदलून होईपर्यंत विंडोजचं पार्टिशन पुसू नका.