मुलांना संगणक शिकवताय? आधी कीबोर्डवर बाराखडी गिरवू द्या

संगणकाच्या तासाला पहिल्या महिन्यात एकच गोष्ट पक्की करून घ्या: मुलाला कीबोर्डवर मराठी लिहिता आलं पाहिजे. इनपुट साधनं कोणती, आउटपुट साधनं कोणती, सीपीयू म्हणजे काय, हे फळ्यावर लिहून पाठ करून घेण्यात जून-जुलै घालवू नका. व्याख्या पाठ झालेलं मूल स्वतःच्या गावाचं नाव टाईप करताना अडतं. स्वतःचं गाव टाईप केलेल्या मुलाला मात्र कीबोर्ड म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

संगणक सुरू होतात, अर्थिंग ठीक आहे, हे धरून चालतो. तासाआधी दोन गोष्टी तेवढ्या बघा. देणगीत आलेल्या जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट-पट्टीवरचा) बटणासारखा सेल (सीआर २०३२) बहुधा संपलेला असतो. मेन स्विच बंद केला की तारीख काही वर्षं मागे जाते. मग नेट सुरू असूनही ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत साइट उघडायला नकार देतो आणि सगळे नेटवाल्याला फोन लावत बसतात. सेल बदला, तारीख दुरुस्त करा. दुसरं, कंट्रोल पॅनेलमध्ये कीबोर्डच्या खिडकीत ‘रिपीट डिले’ आहे, तो ‘लाँग’कडे सरकवा. नवखं मूल बटण दाबून धरतं, आणि एका ‘क’च्या जागी ओळभर ‘ककककक’ उमटतं. ही पट्टी सरकवली की निम्मा गोंधळ कमी होतो.

माउससाठी दोन तास पुरेत. टक्स पेंट हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि मुलांना चित्रं काढू द्या.

एका संगणकावर तीन मुलं बसवा, जास्त नकोत. एक टाईप करेल, दुसरं शब्द फोडून मोठ्याने सांगेल, तिसरं पडद्यावर बघून चूक धरेल. दर पाच मिनिटांनी जागा बदलायच्या, तेही घड्याळ लावून. ‘तुमचं तुम्ही वाटून घ्या’ म्हटलं की ज्याच्या घरी संगणक आहे तोच तासभर कीबोर्ड धरून बसतो.

मराठी टायपिंग: इथे घाई करू नका

सर्वात वाईट सल्ला मिळतो तो असा: ‘फोनेटिक टाका, इंग्रजीत लिहिलं की मराठी उमटतं, सोपं आहे.’ सोपं आहे ते मोठ्यांना. तिसरी-चौथीच्या मुलाला ‘ज्ञानेश्वर’ रोमन अक्षरांत कसं लिहायचं ते आधी ठरवावं लागतं, मग त्यातून मराठी काढावं लागतं. ज्या मुलाला देवनागरी नीट येते, त्याला इंग्रजीच्या बोळातून कशाला न्यायचं? मुलांना इनस्क्रिप्टच शिकवा. शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी प्रमाण ठरवलेली ही कीबोर्डची मांडणी आहे. गडहिंग्लज-चंदगडकडच्या सीमेवर कानडीही लिहिणारी मुलं असतात. त्यांना कन्नडचा ‘क’सुद्धा त्याच बटणावर सापडतो.

विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या ‘टाइम अँड लँग्वेज’मधून मराठी भाषा जोडा. कीबोर्डच्या यादीत फोनेटिक दिसला तर काढून टाका, नाहीतर मुलं भाषा बदलताना चुकून त्यावर जातात आणि ‘सर, अक्षरं बदलली’ म्हणून उभी राहतात. भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबायचे.

आता मांडणी समजून घ्या, कारण शिक्षकाला ती उलगडली नाही तर मुलं नुसती बटणं शोधत राहतात. डावा हात स्वरांचा, उजवा बहुतेक व्यंजनांचा. डाव्या हाताच्या मधल्या ओळीत एफवर ऱ्हस्व वेलांटी, तिच्या डोक्यावर आरवर दीर्घ. जीवर ऱ्हस्व उकार, वर टीवर दीर्घ. एसवर एक मात्रा, वर डब्ल्यूवर दोन. शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की काना-मात्रेऐवजी पूर्ण स्वर येतो: शिफ्ट-एफ म्हणजे इ, शिफ्ट-ई म्हणजे आ. उजवीकडे मधल्या ओळीत कठोर व्यंजन, त्याच्या वरच्या बटणावर त्याच वर्गातलं मृदू: केवर क, वर आयवर ग. एलवर त, वर ओवर द. एचवर प, वर वायवर ब. शिफ्ट धरलं की महाप्राण: ख, घ, थ, ध, फ, भ. व्याकरणाच्या तासाला शिकवलेली वर्णमाला इथे बोटांखाली येते, म्हणून मराठीच्या शिक्षकाला हा कीबोर्ड संगणकाच्या सरांपेक्षा लवकर कळतो. या मांडणीचा मोठा तक्ता करून भिंतीवर, मॉनिटरच्या वर लावा. बटणांवर चिकटवलेले कागद आठवड्यात सुटतात, आणि मुलांची मान खाली राहते ते वेगळंच.

पहिले तीन तास फक्त ‘क’ची बाराखडी. ‘कः’ सोडला तर उजवा हात केवरून हलवायचा नाही, डावा फिरेल: क, का, कि, की. बाराखडी न बघता आली की ‘प’ची, मग ‘त’ची. या तीन तासांत शब्द लिहायला देऊ नका. मुलं मागतात, तुम्हालाही मोह होतो, पण इथे सूट दिली की डावा हात मांडीवर जातो आणि पुढचं वर्षभर एका बोटाने टायपिंग चालतं.

जोडाक्षरं दुसऱ्या आठवड्यात. पाय मोडायचं बटण डी. ‘कोल्हापूर’ फळ्यावर फोडून दाखवा: क, ओकार, ल, पाय मोडा, ह, काना, प, दीर्घ उकार, र. बटणं के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे. नऊ वेळा बोट, एकदाही शिफ्ट नाही. ‘पन्हाळा’त ळ येतो, म्हणून शिफ्ट-एन येतं. मग ‘गुऱ्हाळ’ द्या. इथे साधा र घेऊन पाय मोडला तर रफार होऊन ‘गुर्हाळ’ उमटतं. ऱ हवा असेल तर शिफ्ट-जे, मग डी, मग ह. दुसऱ्या, कोपऱ्यात, सुऱ्या हे शब्दही असेच. ही एक खुबी न कळल्यामुळे शाळांचे कितीतरी फलक आणि परिपत्रकं ‘दुसर्या’ लिहून छापली जातात.

चुका ठरलेल्या असतात, त्या आधीच ओळखून ठेवा. ‘कि’ लिहिताना मूल वहीतल्यासारखी वेलांटी आधी देतं, आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ येतं. नियम एकच: जसं बोलतो तसं टाईप करायचं, क आधी, इकार नंतर. ‘हिं’मध्ये अनुस्वार वेलांटीनंतर. सर्वात लपून बसणारी चूक ‘आ’ची: मूल अ आणि मग काना देतं. काही सॉफ्टवेअरमध्ये ते दिसायला अगदी आ, पण संगणकासाठी ती दोन वेगळी चिन्हं, त्यामुळे नंतर ‘आई’ शोधलं तर सापडत नाही. पडद्याकडे बघून ही चूक कळेलच असं नाही, बोटांकडे बघावं लागतं. किंवा बॅकस्पेस एकदा दाबा: अ उरला तर चूक, सगळं गेलं तर बरोबर. बॅकस्पेस शेवटची एकच खूण पुसते, म्हणून जोडाक्षर चुकलं की अख्खा शब्द पुसू देऊ नका.

आणखी एक: जुन्या डीटीपी (छपाईच्या) फॉन्टमध्ये मुलांना टाईप करायला लावू नका. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याच फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण संकेतात लिहिलेलं मोबाईलवरही वाचता येतं.

सेव्ह करणं

‘सेव्ह केलंय, पण सापडत नाही’ ही तक्रार दर आठवड्याला येते. प्रत्येक वर्गाचा एक फोल्डर डेस्कटॉपवर करा, नावात इयत्ता, हजेरी क्रमांक आणि विषय लिहायला लावा: ‘५-१२-रंकाळा’. सेव्ह करून तिथेच थांबू नका. फाइल बंद, संगणक बंद, आणि पुढच्या तासाला पहिलं काम म्हणजे कालची फाइल शोधून एक ओळ वाढवणं. फाइल आणि फोल्डरचा धडा यातच होऊन जातो.

नेट सर्वात शेवटी

पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन करून धड्याचं साहित्य उघडतं. शाळेत रेंज नसेल तर ते आदल्या दिवशी घरी किंवा गावात डाउनलोड करून ठेवा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, तीही पेनड्राइव्हवर आणा. पण प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावून वर्ग बसवणं याला संगणक शिकवणं म्हणू नका. व्हिडिओ दहा मिनिटांचा, मग तीन-तीनच्या गटाने त्यावर पाच ओळी मराठीत टाईप करायच्या.

महिनाअखेर चाचणी घ्या, तक्ता उलटा करून. स्वतःचं पूर्ण नाव, गाव, तालुका, ‘ज्योतिबा’, ‘गडहिंग्लज’ आणि ‘गुऱ्हाळ’ टाईप करून सेव्ह करायचं, आणि दुसऱ्या दिवशी तीच फाइल शोधून उघडायची. ज्याला जमलं नाही त्याला पुन्हा ‘क’च्या बाराखडीवर बसवा, दोन तासांत येतं.