सिलॅबस नवा, पेपर जुना: इंजिनिअरिंग शिकवताना या चुका टाळा

दर चार-पाच वर्षांनी पॅटर्न, म्हणजे विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि परीक्षेचा आराखडा, बदलतो. अभ्यास मंडळाच्या बैठका होतात, तिसरं युनिट दुसऱ्यात जातं, एखाद्या जुन्या विषयाच्या नावाआधी ‘स्मार्ट’ किंवा ‘अप्लाइड’ लागतं, पुस्तकांची यादी नवी होते. मग पहिली परीक्षा होते आणि मुलांना कळतं की पेपर तोच आहे. महिन्याभरात बाजारात सोडवलेल्या पेपरांची नवी आवृत्ती येते आणि सगळे निवांत होतात.

मुलं ज्यावर वेळ घालवतात तोच त्यांचा अभ्यासक्रम. आणि ती वेळ घालवतात पेपरवर, सबमिशनवर आणि ओरलवर. सुधारणा करायची तर हात तिथेच घालावा लागतो. संलग्न कॉलेजात विद्यापीठाचा पेपर आपल्या हातात नसतो, हे खरं. पण टर्मवर्क, प्रॅक्टिकल, युनिट टेस्ट आणि वर्गातला तास बऱ्यापैकी आपलेच असतात. ऑटोनॉमस कॉलेजांना तर तीही सबब उरलेली नाही. खाली ज्या चुका आहेत त्या स्टाफरूममध्ये आणि वर्गात रोज ऐकू येणाऱ्या वाक्यांतूनच ओळखू येतात.

## “सर, हे परीक्षेला येतं का?”

या प्रश्नाचा आपल्याला राग येतो. येऊ नये. पोरगं विचारतंय ते रास्त आहे: तुम्ही सांगताय त्यातलं मला नक्की काय करता आलं पाहिजे? अडचण अशी की बऱ्याचदा उत्तर आपल्याकडेही नसतं. टीचिंग प्लॅन सत्राच्या आधी होतो आणि पेपर शेवटच्या आठवड्यात, तोही मागचा पेपर समोर ठेवून आकडे बदलत.

क्रम उलटा करा. पहिलं लेक्चर घेण्याआधी शेवटचा पेपर काढा, त्याची उत्तरं स्वतः सोडवा, आणि प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की हा सोडवायला मुलाला पाठांतर पुरेल की समज लागेल. हे करताना धक्का बसतो. इंजिनिअरिंग मेकॅनिक्सचं एक उदाहरण घ्या. सपाट जमिनीवर १० किलोचा ठोकळा आहे, घर्षण गुणांक ०.५, आणि त्याला २० न्यूटन बलाने आडवं ढकललंय. ठोकळ्यावर घर्षण बल किती? वर्गातली हुशार मुलंसुद्धा म्यू गुणिले एन (घर्षण गुणांक गुणिले जमिनीची लंब प्रतिक्रिया, इथे ९८ न्यूटन) करून ४९ न्यूटन सांगतात. ते खरं असतं तर ढकलणाऱ्याच्याच अंगावर ठोकळा चालून आला असता! ठोकळा जागचा हलत नाही, म्हणून घर्षण २० न्यूटनच. ४९ ही फक्त कमाल मर्यादा. म्यू-एनची ‘शिडी भिंतीला टेकवली आहे’ छापाची आठ मार्कांची गणितं हीच मुलं बिनचूक सोडवतात, कारण तिथे शिडी घसरण्याच्या बेतात आहे असं प्रश्नातच दिलेलं असतं. पेपर आठ मार्क देतो, आपण समजतो घर्षण कळलं.

म्हणून प्रत्येक पेपरात किमान दोन प्रश्न असे ठेवा ज्यांना फारसं गणित लागत नाही, पण सूत्र आंधळेपणाने लावलं तर उत्तर चुकतं.

इथेच दुसरी चूक चिकटलेली असते: क्रियापदावरून प्रश्नाची पातळी ठरवणं. ब्लूमची, शिकण्याच्या पातळ्या चढत्या क्रमाने मांडणारी वर्गवारी १९५६ ची, सुधारित रूप २००१ चं. दोन्हींचा हेतू चांगला. आपण मात्र तिचा तक्ता भिंतीवर लावला आणि ‘एक्स्प्लेन’ खोडून ‘अ‍ॅनलाइज’ लिहायला लागलो. वर्गात सोडवलेली तुळई जशीच्या तशी परीक्षेत दिली तर वर ‘अ‍ॅनलाइज’ लिहा नाहीतर आणखी काही, मुलगा करतोय ती आठवणच. पातळी शब्दावर ठरत नाही. तो प्रश्न त्याने आधी पाहिलाय की नाही यावर ठरते.

आणखी एक गोष्ट परीक्षेच्या रचनेतच दडलेली असते. इनसेमला (सत्राच्या मधल्या परीक्षेला) पहिली दोन युनिटं आणि एन्डसेमला (सत्राअखेरच्या परीक्षेला) उरलेली चार, अशी विभागणी पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नने सवयीची केली. भार हलका होतो, हे मान्य. पण पहिली दोन युनिटं म्हणजे विषयाचा पाया, आणि तो सत्राच्या मध्यावर कायमचा बंद होतो. यावर कॉलेजपातळीवर उपाय आहे: चौथ्या-पाचव्या युनिटवरच्या प्रत्येक असाइनमेंटमध्ये पहिल्या युनिटचा एक प्रश्न घुसवा. मुलं कुरकुरतील. घुसवा.

## “माझा सिलॅबस संपलाय”

हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. सिलॅबस आपला संपलेला असतो. तीन क्रेडिटचा विषय, कागदावर ४० च्या आसपास तास. त्यातून सण, टेक फेस्ट आणि परीक्षांच्या ड्यूट्या वजा जाता उरलेल्या वेळात पीपीटीच्या चाळीस-चाळीस स्लाइड पळवल्या की काम होतं. मुलं स्लाइडचे फोटो काढतात.

स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसतं व्याख्यान असलेल्या वर्गात नापासाचं प्रमाण सुमारे ३४ टक्के, मुलांना तासात काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२. ही तफावत बघितली की स्लाइड कमी करण्याची भीती जाते.

करायचं काय? हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात भौतिकशास्त्राच्या मोठ्या वर्गात रुळवलेली पद्धत ६० जणांच्या वर्गालाही लागू पडते आणि तिला खर्च नाही. पंधरा-वीस मिनिटं शिकवा. मग वरच्या ठोकळ्यासारखा एक प्रश्न चार पर्यायांसह टाका. प्रत्येकाने न बोलता आपलं उत्तर ठरवायचं आणि ए, बी, सी, डी लिहिलेला कागद वर करायचा. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं भांडू द्या आणि पुन्हा मत घ्या. त्याहून कमी बरोबर असतील तर तुमचंच समजावणं फसलंय, परत सांगा. जास्त असतील तर पुढे चला.

हे फसतं ते ठरावीक ठिकाणी. प्रश्न फार सोपा असला तर चर्चेला विषयच उरत नाही. आधी एकट्याने उत्तर द्यायला लावलं नाही तर पहिल्या बाकावरचा बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. आणि चर्चा सुरू झाल्यावर आपणच तीस सेकंदांत उत्तर फोडतो. ही खोड सगळ्यांत चिवट. त्या दोन मिनिटांत फळ्याकडे तोंड करून उभं राहा, हवं तर.

चर्चेत मराठी आली तर येऊ द्या. सेमी इंग्रजीतून किंवा मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीत गप्प बसतात आणि आपल्याला वाटतं कळलंय. ‘अरे, ते हलतच नाहीये, मग म्यू-एन कशाला?’ हे वाक्य वर्गात ऐकू आलं की तास वसूल. संज्ञा इंग्रजीतच राहू देत, पेपरही. विचार मात्र ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत होऊ दे.

वेळ कुठून काढायचा, तर व्याख्या, वर्गीकरणं, फायदे-तोटे, ऐतिहासिक टप्पे हे सगळं वाचायला द्या आणि त्यावर पाच मार्कांची छोटी चाचणी घ्या. मुलांना वाचता येतं.

## “रीडिंग मिळाली का?”

प्रॅक्टिकलच्या टेबलावर एक जण रीडिंग घेतो, दोघं मशीनकडे बघतात, उरलेले मोबाइलकडे. राइट-अप गेल्या वर्षीच्या फाईलमधून. निष्कर्षाच्या जागी ‘अशा प्रकारे आम्ही सदर प्रयोगाचा अभ्यास केला’.

एका बदलाने बराच फरक पडतो: मशीन सुरू होण्याआधी प्रत्येकाने उत्तराचा अंदाज लिहून सही करायची. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समधली यूटीएमवरची (सळई ओढून तिची ताकद मोजणाऱ्या मशीनवरची) ताण चाचणी घ्या. १२ मिलिमीटर व्यासाच्या सळईचं क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस मिलिमीटर. माइल्ड स्टीलचं यील्ड बळ (ज्यापुढे सळई कायमची ताणली जाते) २५० मेगापास्कल धरलं तर सळई सुमारे २८ किलोन्यूटनला यील्ड व्हायला हवी. हे मुलांनी आधी काढायचं. आणि मग एका बॅचला न सांगता त्याच व्यासाची एफई ५०० ची टीएमटी सळई (बांधकामातली, यील्ड बळ दुप्पट असलेली) द्या. काटा २८ ओलांडून पन्नासच्या पुढे जातो, सळई ढिम्म. बॅचमधले सगळे मोबाइल खिशात जातात. ‘मशीन बिघडलंय’ इथून सुरू झालेला वाद ग्रेड, रिब आणि थंड करण्याच्या प्रक्रियेपर्यंत कसा पोचतो ते ऐकत बसावं.

राइट-अपमध्ये मग तीनच गोष्टी मागा: अंदाज काय होता, आलं काय, फरक का पडला. दोन पानं पुरतात. थिअरी उतरवून घेणं बंद करा. ती पानं कुणीही वाचत नाही, तपासणारेही.

असाइनमेंटच्या नकलेवरही साधा इलाज आहे. रोल नंबरचे शेवटचे दोन आकडे गणितातला भार किंवा लांबी म्हणून द्या. चॅटबॉट तेही सोडवून देईल, म्हणून निम्मे मार्क तीन मिनिटांच्या ओरलला ठेवा, ज्यात एकच प्रश्न विचारायचा: हा आकडा दुप्पट केला तर उत्तराचं काय होईल? बीईच्या प्रोजेक्टला हीच कसोटी लावा. आयतं आणलेलं प्रोजेक्ट डेमोला झकास चालतं. एक सेन्सर बदलून दाखव म्हटलं की गाडं अडतं.

## “हे तुम्हाला एम-थ्रीला झालंय”

झालेलं असतं, पण वेगळ्या रूपात. एम-थ्रीमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंग गणिताच्या तिसऱ्या पेपरात, लाप्लास ट्रान्सफॉर्म म्हणजे सूत्रांचा तक्ता आणि व्यस्त रूपांतराची गणितं. वर्षभराने कंट्रोल सिस्टीम्समध्ये तोच लाप्लास पोल (सिस्टीम कशी वागेल ते ठरवणारा बिंदू) बनून येतो, आणि पोल उजव्या अर्ध्या प्रतलात गेला की सिस्टीम अस्थिर का होते हे सांगायला मुलांकडे काहीच नसतं. गणिताच्या मॅडम आणि कंट्रोलचे सर एकाच मजल्यावर बसतात. त्यांनी एकमेकांच्या वह्या कधी बघितलेल्या नसतात.

अभ्यासक्रम आखताना विषयांची यादी करण्याआधी बाणांचा नकाशा करा: कुठल्या विषयातली कुठली गोष्ट पुढे कुठे लागते. ज्या गोष्टीतून एकही बाण निघत नाही ती कापण्याजोगी. जिथून पाच बाण निघतात तिथे जास्त तास द्या. आणि एम-थ्रीच्या मॅडमना आरसी सर्किट आणि स्प्रिंगला टांगलेल्या वजनाची पाच गणितं तुम्ही स्वतः नेऊन द्या. त्या आनंदाने घेतात.

थेट दुसऱ्या वर्षाला आलेली डिप्लोमाची मुलं या नकाशात हमखास विसरली जातात. वर्कशॉपमध्ये ती बाकीच्यांना शिकवतील, पण पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी वेगळ्या तऱ्हेने केलेलं असतं. पहिल्याच आठवड्यात मार्क नसलेली चाचणी घ्या आणि त्यांचे गट मिसळा.

## “इंडस्ट्रीला हे हवंय”

बैठकीला आलेले पाहुणे त्यांच्या कंपनीत सध्या जे सॉफ्टवेअर आहे त्याचं नाव घेतात आणि पुढच्या पॅटर्नमध्ये त्या नावाचा विषय येतो. पॅटर्न राबवला जाईपर्यंत कंपनी दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेलेली असते. पाहुण्यांना टूल विचारू नका. नव्या माणसाला पहिल्या सहा महिन्यांत काय जमत नाही, ते विचारा. उत्तरं बहुधा जुनीच येतात: ड्रॉइंग वाचता येत नाही, टॉलरन्स (मापात चालणारी कमी-जास्त) का दिलाय ते कळत नाही, दुसऱ्याचा कोड वाचता येत नाही, ईमेल लिहिता येत नाही.

तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद एआयसीटीईने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीची क्रेडिटं १६० वर आणली, भार कमी व्हावा म्हणून. विषयांच्या आतला मजकूर मात्र बऱ्याच ठिकाणी तेवढाच राहिला आणि तास कमी झाले. नवं काही घालायचं असेल तर त्याच ठरावात काय काढतोय ते लिहायचं, एवढा एक नियम अभ्यास मंडळाने पाळला तरी पुष्कळ.

## “फाईल पूर्ण आहे ना?”

भारत जून २०१४ मध्ये अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाला आणि एनबीएच्या (राष्ट्रीय मानांकन मंडळाच्या) मानांकनाला मोल आलं. कोर्स आउटकम (विषयातून काय जमायला हवं), प्रोग्राम आउटकम (पदवीतून काय जमायला हवं), त्यांचं एकमेकांशी ३-२-१ चं मॅपिंग आणि शेवटी ते किती साधलं याचा, अटेनमेंटचा आकडा, दशांशासकट. कल्पना वाईट नाही. पण संलग्न कॉलेजला विद्यापीठाकडून प्रश्नवार मार्क मिळत नाहीत, एकूण मार्क मिळतात. मग सहाही आउटकमला तोच आकडा लागतो आणि तक्ता सांगतो की मुलांना सगळं सारखंच जमतं. असा तक्ता बघून कुणी काय सुधारणार?

तपासणीसाठी तो तक्ता ठेवाच, सुटका नाही. स्वतःसाठी वेगळा कागद ठेवा. युनिट टेस्टचे पेपर तपासताना सगळ्यांत जास्त मुलं जिथे चुकली ती तीन ठिकाणं आणि ती चूक नेमकी कशी झाली हे त्यावर लिहायचं. पुढच्या वर्षी तो विषय घेणाऱ्याला फाईलऐवजी हा कागद द्या.

## बदल केला आणि फीडबॅक घसरला

हे होणारच, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. हार्वर्डमध्येच लुई देलोरिये आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की वर्गात स्वतः झटणारी मुलं चाचणीत जास्त शिकलेली निघतात, पण ‘मी किती शिकलो’ असं विचारलं तर गुळगुळीत व्याख्यान ऐकलेल्यांपेक्षा स्वतःला कमी लेखतात. डोकं शिणलं की कळलं नाही असं वाटतं.

तेव्हा सत्राच्या पहिल्याच तासाला मुलांना ही गोष्ट सांगा. चौथ्या आठवड्यात निनावी चिठ्ठीवर दोनच प्रश्न विचारा, काय अडतंय आणि काय बदलू, आणि त्यातली एक तरी सूचना पुढच्याच तासाला अमलात आणून दाखवा. सत्राच्या शेवटी येणारा फॉर्म वाचून त्या वर्गाचा काही फायदा नसतो. एचओडींना आधी भेटून ठेवा, कारण शेवटच्या फॉर्ममधले आकडे त्यांच्यासमोर जाणार आहेत. आणि एका सत्रात एकच विषय, त्यातही एकच युनिट बदला. सहाही युनिटं एकदम उलटीपालटी केली तर काय चाललं आणि काय फसलं, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.