पंधरा जूनच्या आत

लेकरू जूनमध्ये पहिल्यांदाच शाळेत जाणार असेल, तर त्याआधी घरी करायची ही तयारी. सगळ्यात आधी डबा. शाळेत न्यायचा तोच डबा आजपासून घरी काढा आणि लेकराला स्वतः उघडू द्या. माझी लेक पहिल्याच दिवशी भरलेला डबा तसाच घेऊन परत आली. आत आवडीचा पोळीचा लाडू होता, पण झाकण तिला निघालं नाही आणि कुणाला सांगायचं तेही कळलं नाही. तेव्हापासून माझ्या यादीत पाटी-पेन्सिल तळाला गेली. महिनाभरात झाकण जमलं नाही, तर सैल झाकणाचा डबा आणा.

मग बोटं. लिहायला बळ लागतं ते अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत, आणि ते अक्षरं गिरवून येत नाही. मे महिन्यात आमच्या नाशिकला भद्रकालीच्या भाजीबाजारात भुईमुगाच्या ओल्या शेंगा मिळतात. त्या फोडायला द्या (दाणा घशात अडकू शकतो, म्हणून शेजारी बसा), गवार मोडायला द्या, कणकेचा गोळा द्या. सुट्टीच्या सकाळी गोदाकाठी सोमेश्वरला न्या, नदीच्या काठापासून लांब बसून खडे आणि पानं वेचू द्या. घरी आल्यावर लहान-मोठे, काळे-तांबडे असे ढीग करायचे. गणिताची सुरुवात हीच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून डहाणूजवळ बोर्डीला बालवाडी चालवली ती अशाच आसपासच्या वस्तूंवर. महागडे खेळ घ्यायची गरज मला तरी कधी वाटली नाही.

कान विसरू नका. डोळे मिटून काय काय ऐकू येतं ते सांगायचं: रिक्षाचा भोंगा, कुकरची शिट्टी, देवळातली घंटा. ते जमलं की 'क'वरून कावळा, कप, काकडी. अक्षर डोळ्यांना दिसायच्या आधी ते कानांना ओळखीचं व्हावं.

'बाई, मला शू लागली' हे वाक्य बाहुल्यांची शाळा मांडून रोज म्हणवून घ्या. चड्डी इलास्टिकची, चप्पल पट्ट्याची. रेनकोटची बटणं पावसाआधीच लावून बघा. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून थोडं लवकर झोपवा.

सगळ्यात अवघड आहे ते तुम्हाला सोडून राहणं. आधी शेजारच्या काकूंकडे अर्धा तास, मग आत्याकडे एक दुपार. निघताना गुपचूप सटकू नका, 'येते हं' म्हणून जा आणि सांगितलेल्या वेळी परत या. रडेल, रडू द्या. परत आलात की त्याला कळतं, गेलेलं माणूस परत येतं.

शेजारणीचं मूल शंभरपर्यंत आकडे म्हणतं म्हणून घाबरू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, आणि तो खेळातून शिकायचा आहे. पाटी आणायची तर खुशाल आणा. तिच्यावर आधी रेघोट्या ओढू द्या.