कॉन्टूरमधला फरक मोजताय? या चुका टाळा

रेडिएशन प्लॅनिंगच्या सीटीवर दोन-तीन डॉक्टरांनी काढलेले कॉन्टूर, म्हणजे अवयवांभोवतीच्या रेषा, एकमेकांशी किती जुळतात हे मोजायचं काम दर वर्षी नव्या मुलांकडे येतं आणि दर वर्षी त्याच चुका होतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे नुसता व्हॉल्यूम बघून मोकळं होणं. दोघांचाही रेक्टम (गुदाशय) 60 सीसी भरला म्हणजे दोघांनी एकच रेक्टम काढला असं होत नाही. एकाने असंच "फरक नगण्य" लिहून टेबल आणलं, मी त्याला सॅजिटल व्ह्यू (बाजूने दिसणारा उभा छेद) उघडायला लावला. एका डॉक्टरांनी इशियल ट्युबरॉसिटीच्या (बसताना टेकणाऱ्या हाडाच्या) खालच्या टोकापासून सुरुवात करून रेक्टम सिग्मॉइडकडे (त्याच्या वरच्या आतड्याकडे) पुढे वळतो तिथे थांबवलेलं, दुसऱ्यांनी खाली सात स्लाईस (सीटीचे आडवे काप) जास्त घेतलेल्या आणि वर तेवढ्याच सोडलेल्या. 3 एमएमची स्लाईस, म्हणजे दोन्ही टोकांना 21 एमएमचा फरक! मधे मात्र दोघांच्या रेषा अगदी एकमेकींवर बसलेल्या. भिंत कुठे आहे यावर मतभेद नव्हताच, रेक्टम कुठून कुठपर्यंत धरायचा यावर होता, आणि रेक्टम नुसता लांबवला तरी 70 ग्रे (रेडिएशनच्या डोसचं एकक) मिळणाऱ्या भागाची टक्केवारी खाली येते, म्हणून हे बारीकसारीक नाही. मी आता कॉन्टूरिंगच्या आधीच वरची-खालची लेव्हल कागदावर लिहून सगळ्यांची सही घेते.

दुसरा मोह डाइसचा, म्हणजे दोन कॉन्टूर एकमेकांवर किती बसतात ते 0 ते 1 मध्ये सांगणाऱ्या आकड्याचा. 0.9 दिसला की मुलं खूश, पुढे बघतच नाहीत. 120 एमएम व्यासाचा चेंडूसारखा गोळा 2 एमएम सरकवला तर डाइस 0.97 च्या वरच राहतो, 8 एमएमचा गोळा तेवढाच सरकवला की 0.63. हात तेवढाच चुकलाय! त्यामुळे मोठं लिव्हर आणि बारीक ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याची नस) यांची एकत्र सरासरी काढू नका, आणि सोबत एमएममधलं अंतर द्याच.

हाउसडॉर्फ (दोन कॉन्टूरमधलं सगळ्यात मोठं अंतर) काढताना 95 पर्सेंटाइलवाला, म्हणजे सगळ्यात मोठी 5 टक्के अंतरं सोडून घ्या, पण माउसचा चुकून पडलेला ठिपका कुठे राहिलाय का ते आधी डोळ्यांनी शोधा. विंडो (सीटीचा ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट) सगळ्यांना सारखी. एकाचा कॉन्टूर दुसऱ्याला दिसता कामा नये, आणि दोघांनी सॉफ्टवेअरने काढलेला एकच ऑटोकॉन्टूर सुधारला असेल तर तसं स्पष्ट लिहा.

आणि त्याच डॉक्टरांकडून दोन आठवड्यांनी परत काढून घ्या. "वेळ नाही मॅडम" हे प्रत्येक जण म्हणतो, पण एकाच माणसाचा हात स्वतःशी किती जुळतो हे ठाऊक नसेल तर दोघांतल्या फरकाला काय अर्थ लावणार? मी किमान पाच पेशंट तरी नावं लपवून, क्रम बदलून परत देते, ते आल्याशिवाय टेबल करू देत नाही.