ऊसतोडीवर वर्गासाठी साहित्य बनवताय? मग हे बघा

आधी नकाशा घ्या, मजूर तोडीला जातात तशी बीडपासून कोल्हापूर-सांगलीपर्यंत रेघ मारा, खाली हंगामाचे महिने लिहा, ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, म्हणजे शाळेचं अर्धं वर्ष गेलंच की. मग शब्दांची कार्डं करा: उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), मुकादम (मजुरांची टोळी जमवणारा), कोयता, कोपी (मजुरांची तात्पुरती झोपडी), खाडा (कामाला न गेलेला दिवस). ‘कोयता’वर जरा थांबा हं, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, मग बाईची मजुरी कुणाच्या हातात पडते, हे पोरांनाच विचारा. गणितात उचलीचा हिशोब घाला, आकडे काल्पनिक चालतील पण खाडा झाला की पैसे कापायचेच, उचल फिटते का ते पोरंच काढतील. फक्त तोडीला जाणाऱ्या पोराला वर्गात उभं करून “तू सांग” म्हणू नका, प्लीज. हंगामी वसतिगृहाचंही एक कार्ड ठेवा, म्हणजे आई-बाप तोडीला गेले तरी पोरांना गावात राहून शिकता यावं म्हणून केलेली सोय.