अण्णांच्या नावाने रक्तदान, आणि त्यासाठीचा ग्रुप सांभाळताना

घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने रक्त द्यायचं ठरलं की सगळ्यांना स्मृतिदिनच आठवतो. गोव्यात साखळी गावाजवळच्या आमच्या वाड्यावर आम्ही अण्णांच्या नावाने देतो ते वर्षभर वाटून. प्लेटलेट्स 5 दिवसच टिकतात. तांबड्या पेशी, पिशवीत कुठलं द्रावण आहे त्यावर, 35 ते 42 दिवस. एकाच रविवारी ढीगभर पिशव्या जमल्या आणि पुढे कोणी फिरकलंच नाही, तर चतुर्थीच्या दिवसांत बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) ताटकळणाऱ्या माणसाच्या त्या काय कामाच्या?

म्हणून आधी वही घाला. भावकीतली, शेजारची, अण्णांबरोबर भजनाला बसणारी, ज्यांना मनापासून द्यायचंय त्यांचीच नावं लिहा आणि प्रत्येकाला महिना ठरवून द्या. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना 90 दिवस, बायकांना 120 दिवस जाऊ द्यावे लागतात. काजूच्या हंगामात बागायतीवाल्यांची पाळी लावू नका. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला रक्त द्यायला बोलावणं मला तरी पटत नाही.

शिबिर घ्यायचंच असेल तर श्राद्धाचा दिवस सोडा. त्या दिवशी पानं वाढेपर्यंत घरचे उपाशी असतात, आणि रक्त उपाशीपोटी द्यायचं नसतं. आम्ही पुढचा रविवार धरतो आणि सगळ्यांना निक्षून सांगतो, भाजीपाव खाऊन, भरपूर पाणी पिऊन या. रक्तपेढीशी मात्र बरंच आधी बोला: गोमेकॉची, नाहीतर म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळातली. डॉक्टर, तंत्रज्ञ, पिशव्या त्यांच्या. हवेशीर सभागृह, वीज, पाण्याची सोय असलेलं शौचालय, थोडं आडवं व्हायला जागा आणि कोकम सरबत आपलं. मंडपात एखाद्या पुढाऱ्याचा फलक लावायची गळ घातली जाते. नाही म्हणा. तिथे अण्णांचा फोटो पुरे.

आता ग्रुप. खरी मेहनत इथे आहे. सुरुवातीलाच फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील अशी सेटिंग करा. कोणाला रक्त हवं असेल तर त्याने ते अ‍ॅडमिनला कळवायचं आणि अ‍ॅडमिनने खात्री करून ग्रुपवर टाकायचं. ‘रक्ताची तातडीने गरज, जास्तीत जास्त शेअर करा’ असा संदेश आला की आधी तारीख शोधा. बहुतेक वेळा नसतेच. मग त्यातल्या नंबरवर फोन करून विचारा: इस्पितळ कुठलं, वॉर्ड कुठला, रक्तगट कुठला, अख्खं रक्त हवं की प्लेटलेट्स, किती पिशव्या, कधीपर्यंत. शक्य असेल तर रक्तपेढीतही विचारा. पुष्कळदा पेढीत रक्त असतं, त्याबदली कोणीतरी रक्त द्यावं एवढीच अपेक्षा असते. बदली रक्त रुग्णाच्याच गटाचं लागत नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे नातेवाईक बिचारे उगाच एकाच गटाच्या मागे धावतात.

खात्री झाली की ग्रुपवर तेवढंच टाका. रुग्णाचा फोटो नको, केसपेपर नको, आजाराचं नावसुद्धा नको. गरज भागली की तो संदेश ‘सगळ्यांसाठी’ डिलीट करा आणि ‘गरज पूर्ण झाली’ असं तारीख-वेळ घालून लिहा. ज्यांच्याकडून तो बाहेरच्या ग्रुपांत गेला असेल त्यांनाही तेच पुढे पाठवायला सांगा. माणूस बरा होऊन घरी आला तरी त्याच्या मुलाला रक्तासाठी फोन येत राहतात. माणूस वाचलाच नसेल, तर त्या घरच्यांनी असे फोन किती दिवस घ्यायचे?

कोणी रक्त देण्याचे पैसे मागितले तर त्याला त्याच क्षणी काढा, समजावत बसू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणं आपल्या देशात बंद आहे. रक्तपेढी जे शुल्क घेते ते तपासणीचं आणि साठवणीचं.

सगळ्यात जपायची गोष्ट वेगळीच आहे. शिबिरात काहीजणांना डॉक्टर परत पाठवतात. आमच्याकडे बऱ्याच मुलींचं हिमोग्लोबिन कमी भरतं. कोणी वर्षभरात गोंदवून घेतलेलं असतं, कोणाचं औषध चालू असतं. संध्याकाळी फोटोखाली कोणीतरी हमखास विचारतं, ‘अगो, तुला का घेतलं नाही?’ ती प्रतिक्रिया लगेच काढा आणि विचारणाऱ्याला फोन करून नीट सांगा. रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, मलेरिया यांसाठी तपासणी होते. कोणाला का नाकारलं याची चर्चा चारचौघांत सुरू झाली की भलतेच अर्थ निघतात, आणि ती मुलगी पुढच्या वर्षी मंडपाकडे फिरकत नाही. फोटोसुद्धा विचारूनच टाका, आणि अण्णांसारख्या माणसाचा फोटो जगासमोर ठेवायचा तर आधी घरातल्या सगळ्यांचं मत घ्या. आमच्या आईला हार घातलेला फोटो नको होता. पखवाज घेतलेला तिला चालला, तोच आम्ही लावतो.

फेसबुकवरच्या पोस्टखाली जातीधर्माचा वाद उकरणारेही येतात. त्यांना उत्तर देत बसलात तर तीच प्रतिक्रिया वर राहते. लपवा. कोणी प्रतिक्रिया द्यायची हे आधीच ठरवायची सोय आहे, ती वापरा.

रक्त दिल्यावर थोडा वेळ बसू द्या, भरपूर पाणी प्यायला सांगा. त्या दिवशी माडावर चढणं नको, जड उचलणं नको. घरी जाण्याआधी प्रत्येकाच्या नावापुढे वहीत पुढची तारीख घाला, आणि ती जवळ आली की ग्रुपवर न टाकता त्यालाच फोन करा.