मलावीच्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून जाताना आधी मक्याचं वेळापत्रक बघा

परदेशातल्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलं की माणसं सामानाची यादी करायला बसतात. माझ्याकडे कुणी सल्ला मागायला आलं, तर मी आधी विचारते: कोणत्या महिन्यात पोचणार? आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या मध्य भागात, डेड्झा जिल्ह्यात मी शेतकरी गटांबरोबर काम केलं. तिथे स्वयंसेवकाचं पहिलं वर्ष कसं जाणार, हे बऱ्याच अंशी या एका उत्तरावर ठरतं.

मलावीत पाऊस एकदाच, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पहिला चांगला पाऊस झाला की मका पेरतात. मग खुरपणी, खत, पुन्हा खुरपणी. एप्रिल-मेमध्ये कणसं घरात येतात. अडचणीचे महिने जानेवारी ते मार्च. मागच्या वर्षीचा मका बऱ्याच घरांत संपलेला असतो आणि नवा अजून शेतात उभा असतो. मग लोक 'गन्यू'ला, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात आणि त्यांचं स्वतःचं शेत ऐन खुरपणीत मागे पडतं. प्रकल्पाचं वर्ष मात्र जानेवारीत सुरू होतं. कार्यालयाकडून 'पहिल्या तिमाहीत तीन प्रशिक्षणं' असा कागद येतो, नवा स्वयंसेवक तक्ते घेऊन झाडाखाली बसतो आणि समोर चार म्हाताऱ्या नि शाळा बुडवलेली पोरं. लोकांना रस नाही, असा अहवाल जातो. रस असतो, त्या घटकेला पोटात काही नसतं.

म्हणून शक्य असेल तर मे-जूनमध्ये पोचा. घरात मका आलेला असतो, माणसं निवांत असतात, सभा भरतात. जून ते ऑक्टोबर ओढ्याकाठच्या ओलसर जमिनीत 'डिंबा' म्हणजे भाजीचे वाफे चालतात, आणि शेतीचं काही नवं करून बघायचं असेल तर त्याला तिथेच जागा असते. पावसाळ्यातच पोचावं लागलं तर सभा विसरा आणि खुरपं घ्या. लोकांच्या शेतात त्यांच्याबरोबर वाकलेला पाहुणा त्यांना लवकर कळतो. तुम्हालाही कुणाची जमीन कुठली, कोण कुणाकडे मजुरीला जातं, हे कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा लवकर कळतं.

जाण्याची वाट कोणती, हा प्रश्न त्यानंतर येतो. अमेरिकेचा 'पीस कोअर' हा सरकारी स्वयंसेवक कार्यक्रम अमेरिकन नागरिकांनाच घेतो, त्यामुळे त्यावरचे अनुभव वाचून हुरळून जाऊ नका. भारतीयांना संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम खुला आहे. १९७० साली स्थापन झालेल्या या कार्यक्रमाचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे, आणि त्यात राहण्याखाण्यापुरता भत्ताही मिळतो. उलट तुमच्याकडूनच भरमसाट शुल्क घेऊन दोन आठवडे 'मुलांना शिकवायला' नेणाऱ्या कंपन्यांकडे मी कुणाला पाठवणार नाही. तुम्ही परतल्यावर तो वर्ग कोण घेणार, एवढं विचारून बघा. मलावीत राहून काम करण्याच्या परवान्याचं काम बोलावणाऱ्या संस्थेने करून द्यायचं असतं. 'आधी पर्यटक व्हिसावर या, मग बघू' असं कुणी म्हणालं तर जाऊ नका.

गावात पहिली भेट गावप्रमुखाची. गावप्रमुख, त्यावर गट-गावप्रमुख, त्यावर ट्रॅडिशनल ऑथॉरिटी, ज्याला सगळे 'टीए' म्हणतात, अशी उतरंड आहे. तुमची ओळख संस्थेच्या माणसाने करून द्यायची, तुम्ही शांत बसायचं. प्रमुख पुरुषच असेल असं धरून चालू नका. डेड्झा जिल्ह्यातल्याच थेरेसा काचिंदामोटो यांनी प्रमुख म्हणून शेकडो बालविवाह मोडीत काढले, आणि त्यांचं नाव जगभर झालं. इथल्या चेवा समाजात जमीन आईच्या बाजूने जाते आणि बऱ्याचदा नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. त्यामुळे शेतातल्या बदलाबद्दल सभेत पुढे बसून बोलणाऱ्या पुरुषाला पटवलंत आणि त्याच्या बायकोला किंवा तिच्या मामाला विचारलंच नाहीत, तर काम तिथेच थांबतं. शेजारच्या मायींनी मला हे फार सरळ सांगितलं होतं: 'त्याने हो म्हटलं ना? तो इथला नाही. आता मला विचार.'

भारतीय म्हणून एक गोष्ट जादा असते. तुम्ही गोरे नाही, पण तिथलेही नाही. भारतीय म्हणजे दुकानदार, हे समीकरण पक्कं आहे, आणि त्याला इतिहास आहे. १९७० च्या दशकात मलावीचे पहिले अध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या सरकारने भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांना खेड्यांतून हलवून मोजक्या शहरांत राहायला लावलं. त्यामुळे कित्येकांनी भारतीय माणूस फक्त गल्ल्यामागे बसलेला पाहिलाय. 'तुमचं दुकान कुठलं?' हा प्रश्न तुम्हाला येणारच. रागावू नका. डोक्यावर पाण्याची बादली घेऊन हातपंपावरून धडपडत येताना दिसलात की प्रश्न आपोआप बंद होतो, त्याऐवजी हसू येतं.

भाषेत, चिचेवा या तिथल्या बोलीची अभिवादनं आधी शिका, पूर्णच्या पूर्ण. वाटेत भेटलेल्या माणसाची विचारपूस न करता कामाचं बोलणं तिथे उद्धटपणा आहे. कुणाच्या अंगणात शिरताना बाहेरूनच 'ओदी' म्हणायचं आणि आतून उत्तर आलं की पुढे जायचं. वाटेवर मुखवटे घातलेले न्याऊ नर्तक आले तर बाजूला व्हा, फोन खिशात ठेवा. युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत असलेल्या 'गुले वामकुलू' या नृत्याचे ते नर्तक, पण गावात तो देखावा नाही, विधी आहे.

आणि मयत. गावात मृत्यू झाला की सगळी कामं थांबतात. तुमची सभा असो, वरिष्ठ राजधानीतून येणार असोत, थांबतात म्हणजे थांबतात. तुम्हीही जायचं. बायका बायकांमध्ये बसतात, पुरुष पुरुषांमध्ये. पीठ, सरपण किंवा थोडे पैसे न्यायचे. न गेलेला माणूस लक्षात राहतो.

पैशांबाबत मी जरा कडक आहे. सभेला येण्याचा भत्ता देण्याची सवय संस्थांनीच लावली आहे, त्यामुळे तुमच्याकडेही मागतील. लोकांना लोभी म्हणू नका, दिवसाची मजुरी बुडवून ते आलेले असतात. पण तुम्ही खिशातून द्यायला लागलात तर तुमच्यानंतर येणाऱ्याची वाट बंद. संस्थेचा नियम काय आहे ते पहिल्या आठवड्यात विचारून घ्या आणि सगळ्यांना तेच सांगा. स्वतःचा भत्ता क्वाचामध्ये, म्हणजे मलावीच्या चलनात असेल तर बचत त्यात ठेवू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं एका झटक्यात ४४ टक्के अवमूल्यन झालं.

जेवण म्हणजे न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत घेवडा, भोपळ्याची पानं किंवा छोटी मासळी. शाकाहारी असाल तर पोचण्याआधी कळवा. पाहुण्यासाठी कोंबडी कापून झाल्यावर सांगणं फार वाईट. डेड्झा उंचावर आहे, जून-जुलैत स्वेटर लागतो. आफ्रिका म्हणजे उकाडा, असं समजून येणारे कुडकुडतात.

मलेरिया मात्र थट्टेत घेऊ नका. रोजची प्रतिबंधक गोळी, औषध लावलेली मच्छरदाणी, आणि ताप आला की त्याच दिवशी चाचणी. 'थकवा असेल' म्हणत दोन दिवस काढायचे नाहीत. सुट्टीत सगळे मलावी सरोवरावर जातात, तुम्हीही जाल. त्या पाण्यात बिलहार्झिया या रोगाचे जंतू असतात. पोहलात तर काही आठवड्यांनी डॉक्टरांना सांगून त्यावरचं औषध, प्राझिक्वांटेल घ्या, लगेच घेऊन उपयोग नाही.

विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर निघण्यापूर्वीच पीतज्वराची लस घ्या. प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतं. भारतात परतताना ते मागितलं जाऊ शकतं आणि नसेल तर विलगीकरणात बसावं लागू शकतं. मुक्काम संपत आला की तुमची सायकल, गादी आणि सोलर दिवा कुणाला जाणार, हे गावात तुमच्याआधी ठरायला लागतं. कुणाला द्यायचं ते महिनाभर आधी प्रमुखासमोर जाहीर करा, नाहीतर शेवटचा आठवडा त्याच भांडणात जातो.